कारंज्यासमोरची बंडी

"हलू नका म्हणतो ना! पाय तुमचाच आहे, मान्य. पण सध्या त्याचे दोन तुकडे आहेत!"

डॉक्टर हे ओरडले तेव्हा मी स्ट्रेचरवरून उतरून घरी निघायच्या बेतात होतो. पाय मुरगळला असेल, कमल हळद लावेल, असा माझा अंदाज. कमल म्हणजे माझी बायको. ती माझा दुसरा पाय धरून उभी होती. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "फ्रॅक्चर फीमर." फीमर म्हणजे मांडीचं हाड, अंगातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात दणकट.

"दणकट ते मोडलं, मंग बाकीच्याचा तं भुगाच झाला असंल?" मी विचारलं.

"बाकी सगळं शाबूत आहे. तोंड तर फारच."

मग त्यांनी पायाला बांधलेली दोन लाकडं सोडली आणि थांबले. "हे कोणी बांधलं? नीट बांधलंय. असं नसतं बांधलं तर घाटातल्या वळणावर हाडाच्या टोकानं मोठी रक्तवाहिनी फाडली असती."

ती लाकडं म्हणजे सुखदेव या शेतकऱ्याच्या बैलबंडीच्या उभाऱ्या; कपाशी सांडू नये म्हणून बंडीच्या कडेला खोचतात ते दांडके. स्वतःचं धोतर फाडून त्यानंच त्या बांधल्या होत्या. मला ट्रकवर घालून राजूर घाट चढवून बुलढाण्याला आणलं तेही त्यानंच. आणि मी धडकलो होतो ती बंडीही त्याचीच.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा एक-दोन वर्षं झाली होती. मलकापूरच्या बाजूच्या एका गावात मी नगरपालिकेचा मेंबर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं मला अजून राहायचं आहे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. अशा हाडाला ट्रॅक्शन लावतात. म्हणजे पायाला दोरी बांधायची, ती खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडायची आणि तिला वजन लटकवायचं. नाहीतर मांडीचे स्नायू तुकडे एकमेकांवर ओढतात आणि पाय आखूड होतो. सहा आठवडे उताणं पडायचं. पाठीला स्पिरिट आणि पावडर रोज चोळून घ्या, नाहीतर बेडसोअर होतात, म्हणजे पडून पडून कातडी कुजते. पायाची बोटं हलवत राहा. भांडं मागायची लाज पहिल्या दिवशीच सोडा. तसंही दुसऱ्या दिवशी ती उरत नाही.

"सायकल कधी?" मी विचारलं.

"आधी संडासापर्यंत चाला. मग बोलू."

उताण्या माणसाला तोंडाशिवाय काय असतं? वॉर्डात विचारायचे, मेंबरसाहेब, झालं कसं? पहिल्या दिवशी मी सांगितलं, बैल उधळला. आठवड्यानं बैल दोन झाले, तोंडाला फेस. तिसऱ्या आठवड्यात बैलांनी मला बंडीसकट अर्धा फर्लांग फरफटत नेलं, आणि मी एकाचं शिंग धरून शाळेतल्या पोरी वाचवल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्या उशाशी नारळ ठेवला. डॉक्टर राऊंडला आले, एक्स-रेकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोत बैल कुठं दिसत नाहीत."

खरं काय ते आता लिहितो. आमच्या चौकात हंगामात जिनाला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, जाणाऱ्या कपाशीच्या बंड्या रस्त्यावरच सुटतात. बैल सोडून नेतात आणि जू रस्त्यात आडवं पडून राहतं. मास्तर, कारकून, पोरं सायकलवर येणार, घंटी वाजवणार. बंडीवाले ओरडणार, "काऊन बे, बैल बुजवतं काय?" सायकलवाले म्हणणार, "रस्ता बापाचा हाये काय तुह्या?" रोजची कटकट. पण अर्ज आला तो दोघांनी मिळून केलेला. जिनामागची पडीत जागा सपाट करून द्या, बंड्या तिकडं उभ्या करू. चौकासाठी एकाच कामापुरता पैसा होता. पालिकेच्या सभेत मी उठलो आणि असं भाषण ठोकलं, की पत्रे थरथरले. हंगाम चार महिन्यांचा, म्हटलं, राज्य मात्र कायमचं! नव्या राज्याच्या आनंदाप्रीत्यर्थ चौकात कारंजं पाहिजे! टाळ्या पडल्या. कारंजं झालं. त्यात पाणी काही आलं नाही, पण शिळा बसली आणि शिळेवर माझं नाव कोरलं, वरून तिसरं.

त्या सकाळी मी सायकलवरून जाताना ते नाव वाचत होतो. रोजच वाचायचो. दोन्ही हात सोडून. सुखदेवची बंडी जागच्या जागी उभी होती. बैल तर पाणी प्यायला ओढ्यावर गेले होते.

चौथ्या आठवड्यात सुखदेव आला. खाटेच्या पायथ्याशी, माझ्या वजनाजवळ उकिडवा बसला. बराच वेळ ते वजन पाहत राहिला.

"कसं हाये, मेंबरसाहेब?"

"बरं हाये. कपाशी काय म्हणते?"

"म्हणते काय! बंडी चौकीत कुलपात हाये. तुमचा जबाब झाल्याबिगर सोडत नाही म्हणते जमादार. हंगाम चालला." त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "आमच्या गावापर्यंत आलं हो, माह्या बैलानं तुमाले शिंगावर घेतलं म्हून. मी घरी जाऊन बैलाच्या तोंडाकडं पाह्यलं. मले काही समजलं नाही."

तो गेल्यावर कमल माझ्याकडे वळली. "तुमी सांगून राह्यले ते बैल कोणते हो? मले बी पाहू द्या एकदा."

त्या दिवशी कोणी झालं कसं विचारलं, तर मी पांघरूण तोंडावर घेतलं. वॉर्डातल्या लोकांना वाटलं ताप आला. पायाला वजन, अंगाला पट्टे, कोणी हलवल्याशिवाय हलता येत नाही. जू टाकून उभ्या केलेल्या बंडीसारखा पडलो होतो. येणारा-जाणारा खाटेला धडकायचा आणि वर मलाच बोलायचा, पाय काऊन मधात ठेवला म्हणून.

दोन दिवसांनी जमादार जबाब घ्यायला आले. आधी पालिकेतून निरोप आलेला होता, बैलाचंच सांगा, म्हणजे पालिकेकडं कोणी बोट दाखवणार नाही. जमादारांनी कागद मांडीवर घेतला. वॉर्ड कान टवकारून बसला. म्हाताऱ्यानं तर खाट जवळ ओढली. मी सांगितलं, "लिहा. बंडी उभी होती. बैल नव्हते. मी शिळेवरचं माह्यं नाव वाचत होतो. आणि बंडी तिथं उभी होती, कारण दुसरी जागा म्या होऊ दिली नाही."

जमादारांचा टाक थांबला. "हेच लिहू?"

"हेच."

म्हाताऱ्यानं त्याचा नारळ उचलून नेला.

बंडी दुसऱ्या दिवशी सुटली. माझा पाय सुटायला आणखी दोन आठवडे गेले, मग प्लास्टर, मग खाटेखाली पडलेल्या एका दांडक्याची काठी. पाय थोडा आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, "चालाल. सायकलही चालवाल. फक्त हँडल धरून." त्या माणसाचा आणि नर्सबाईंचा मी जन्मभर ऋणी आहे. आजारपणानं मला शहाणं केलं असं म्हणणार नाही. पडून राहणाऱ्याच्या अंगावरून जग कसं जातं, तेवढं कळलं.

घरी आल्यावर पहिला चौकात गेलो, काठी टेकत. सुखदेव बंडी सोडत होता. आसपास दहा-वीस माणसं. मी घसा साफ केला. सुखदेव, म्हटलं, हा पाय तुही देणगी हाये. येत्या मिटिंगात जिनामागची जागा मंजूर करून घेईन, नाही झाली तर ह्याच पायानं कुदळ घेऊन एकटा सपाट करीन, आणि कारंज्याच्या शिळेवरचं माह्यं नाव खोडून तिथं तुह्यं नाव…

सुखदेव माझ्या हातातल्या काठीकडं पाहत होता.

"ही माही उभारी हाये," तो म्हणाला. "दुसरी कुठी हाये?"