मामा रेल्वेने, मामी विमानाने

मामांबरोबर रस्त्याने येणाऱ्या दुबेजींचा फोन हॉटेलच्या काउंटरवर आला, कारण लेहमध्ये आमचे दोन्ही मोबाईल बंद होते. बाहेरची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, हे आम्हाला विमानातून उतरल्यावर कळलं. हॉटेलचे मालक जिना चढून आले आणि म्हणाले, "जबलपुर वाले? नीचे आपका फोन है." मामी पलंगावर रजई घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "दुबेजी असतील. त्यांना म्हण, आम्ही आरामात पोचलो, तुम्ही काहून रस्त्यातच अडकून राहिले? आणि विचार, संध्याकाळी भात टाकायला सांगू का पोळ्या." मी हसतच खाली गेले. फोनमध्ये आधी नुसता वारा ऐकू आला. मग दुबेजी म्हणाले, "बिटिया, भाभीजी पास में हैं क्या? … उनको मत देना फोन." आणि ते रडायला लागले. मागे वळून पाहिलं तर मामी जिन्यावर उभी होती. "काय म्हणून राहिले? उशीर होईन?" तिनं विचारलं. मी रिसीव्हर पाठीमागे लपवला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थट्टा करून राहिले असन. हे हरले की असंच करतात."

वसंतमामा माझ्या आईचे मोठे भाऊ. ते गेले त्याला आता काही आठवडे झाले. माझं शिक्षण हिंदीत झालं, मराठी मी घरात बोलूनच शिकले, त्यामुळे हे नीट लिहिता येईल की नाही याची मला धास्ती वाटते. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मराठीतच लिहावं असं वाटलं. आम्ही जबलपूरजवळच्या पाटनचे. वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते शक्य झालं कारण जबलपुरात कांचघरला मामांचं घर होतं. त्यांचा मुलगा नितीनदादा पुण्याला बँकेत लागला होता, त्याची खोली मला मिळाली. मामा फॅक्टरीत होते. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं की पुरतं, अर्ध्या घरांतून कोणी ना कोणी तिथे जातंच. मामांची फॅक्टरी फौजेचे ट्रक बनवायची आणि मामा त्या ट्रकांना ब्रेक बसवायचे. पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत फक्त ब्रेक. त्याचा त्यांना भारी अभिमान होता. "इंजिन कोणीही बनवतो," ते म्हणायचे, "थांबवणारा पाहिजे."

फॅक्टरीत सिमेंटची एक चढण होती म्हणे. नवी गाडी त्या चढणीच्या मध्यावर नेऊन उभी करायची, ब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं, आणि मग पुन्हा चालू करून वर न्यायची. त्यात गाडी थोडी जरी मागे सरकली तरी ती फेल. ही परीक्षा मामांनी स्वतःलाही लावून घेतली होती. घरातून निघाले आणि चष्मा विसरला, तरी ते परत फिरायचे नाहीत. कोपऱ्यावर थांबून आवाज द्यायचे, आणि मामी चष्मा घेऊन पळत जायची. कधी चष्मा, कधी डबा, एकदा तर चक्क बूट, कारण मामा बोलण्याच्या नादात चपला घालूनच निघाले होते. "अहो, दहा पावलं मागं आलात तर काय दंड पडते?" ती ओरडायची. "मागं आलो की फेल," मामा म्हणायचे. साऱ्या गल्लीला हा रोजचा तमाशा होता. समोरच्या भाभी हसून म्हणायच्या, "भैया की रिवर्स गियर तो भाभी के पास है." आणि ते खरंच होतं. मामांना माघारी वळवणारी एकच व्यक्ती होती. खूपच झालं की मामी सरळ रस्त्यात आडवी उभी राहायची, पदर खोचून, आणि मामा मुकाट घरात यायचे.

मी पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले. बॅग भरली आणि पाटनची बस पकडायला निघाले. मामा दारात बसले होते. त्यांनी अडवलं नाही, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चढावर आहेस, पूनम. दम लागन. ब्रेक दाबून उभी राहा हवं तर, पण मागं नको सरकू." मी बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवले. आज मी शेवटच्या वर्षाला आहे, ती त्या वाक्यामुळे.

निवृत्तीनंतर मामांनी एकच इच्छा धरली, लेहला जायचं. देवदर्शन नाही, बर्फ नाही… त्यांना आपले ट्रक घाट चढताना पाहायचे होते. "जन्मभर मी त्यांना सपाट जमिनीवर सोडलं. वर कसे जातात ते पाहिलं नाही." म्हणून ते म्हणाले, रेल्वेने दिल्ली, मग चंदीगढ, आणि मनालीहून गाडीने, जसे ट्रक जातात तसं. मामीने पहिल्याच दिवशी नकार दिला. "तुमचे ट्रक तुम्ही पाहा. मी एकदा विमानात बसीन. पोरगा तिकीट काढून देऊन राहिला, आणि मी घाटात ओकाऱ्या काढत येऊ?" मामा म्हणाले, "विमानात काय दिसते? ढग. ढग तर छतावरूनही दिसतात." मामी म्हणाली, "ट्रकही कांचघरमध्ये रोज दिसतात. घर सोडायचंच काहून मग?" असं आठवडाभर चाललं. जेवताना, भाजी निवडताना, दिवे गेल्यावर अंधारातसुद्धा. मला या भांडणाची मजा वाटायची. दोघंही मला न्याय द्यायला लावायचे आणि मी गप्प राहिले की दोघं मिळून माझी टर उडवायचे, "कॉलेजात हेच शिकवतात का, गप बसायचं?"

मग गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विमानाने माणूस एकदम उंचावर पोचतो, तिथली हवा विरळ, शरीराला सवय नसते, म्हणून पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहा. रस्त्याने हळूहळू चढलं तर सवय होत जाते. झालं. मामा जिंकले. ते सगळ्यांना सांगत सुटले, "डॉक्टरसाहेब माझ्या पार्टीत आहेत." आणि मामीला गल्लीने सळो की पळो करून सोडलं. कोणी सांगे विमानातून उतरताच नाकातून रक्त येतं, कोणी सांगे अमुक माणूस विमानतळावरच कोसळला. मामांच्या चुलत वहिनी, कुमुदकाकू, तर घरी येऊन म्हणाल्या, "शालू, या वयात हौस की जीव, ते ठरव." मामीचा चेहरा उतरला होता. पण ती हट्टाची. शेवटी मामाच म्हणाले, "चलो, असं करू. तू उडत जा, मी चालत येतो. पूनमला सोबत ने, ती इंग्रजी पाट्या वाचीन. कोण ताजातवाना पोचते ते पाहू." मामा आपल्या फॅक्टरीतल्या जुन्या दोस्ताबरोबर, दुबेजींबरोबर, आमच्या आधी निघाले.

स्टेशनवर आम्ही सोडायला गेलो. गाडी हलली तसे मामा दारात उभं राहून ओरडले, "चल शालू, वर भेटू!" दुबेजी खो खो हसले. मामी चिडली. गाडीबरोबर चालत म्हणाली, "काहीही काय बोलता! लेहला भेटू म्हणा!" मामांनी दोन्ही हात कानामागे धरले, ऐकू येत नाही असे, आणि गाडी गेली… त्यांना मी जिवंत पाहिलं ते शेवटचं.

विमानात मामीला खिडकीची जागा मिळाली. तिनं पिशवी शेवटपर्यंत मांडीवरच धरली होती. खाली बर्फाचे डोंगर दिसायला लागले तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडीचा वळ उठला. "हे यांनी पाहायला पाहिजे होतं," ती म्हणाली. मग लगेच, "नको, नाहीतर ब्रेक कुठे आहे विचारत बसतील." लेहला उतरल्यावर आम्ही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पडून राहिलो. हॉटेलच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, त्याला ती 'गॅसची टंकी' म्हणायची आणि जाता-येता त्याला भिऊन नमस्कार करायची. पहिल्या दिवशी तिचं डोकं जड झालं, दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा वरण-भात मागवला. तिला काहीही झालं नाही.

मामांचं काय झालं ते दुबेजींनी नंतर सांगितलं. मनालीहून निघाल्यावर वाटेत एक मुक्काम तंबूत होता. हळूहळू चढा हा डॉक्टरांचा सल्ला बरोबरच होता, पण तो रस्ता हळूहळू चढत नाही. तो मुक्काम लेहपेक्षाही उंचावर आहे, हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. दुपारभर मामा खुशीत होते. वळणावर थांबून समोरून येणारे ट्रक बघत होते, एकाच्या चाकाशी वाकून ड्रायव्हरशी बोललेही. संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, मग खोकला सुरू झाला. गाडीचा ड्रायव्हर पहाडी मुलगा होता, त्याने ओळखलं. तो म्हणाला, आत्ता खाली घेऊन जातो, दोन तासांत बरं वाटेल. दुबेजींनी हात जोडले. मामा म्हणाले, "चढ़ाई पे गाड़ी पीछे नहीं आती." ड्रायव्हर हसला, "अंकलजी, आप गाड़ी थोड़े ही हैं." मामाही हसले म्हणे. पण उठले नाहीत. "सुबह ऊपर ही जाएँगे, वहाँ शालिनी खाना लगवा के बैठी होगी." पहाटे त्यांचे ओठ निळे पडले तेव्हा ड्रायव्हरने कोणाला न विचारता त्यांना उचलून गाडीत घातलं आणि गाडी मागे वळवली. उताराला लागल्यावर थोड्याच वेळात… दुबेजी इथे थांबले. मग म्हणाले, "मैंने एक ही बात सोची, बिटिया. भाभी होतीं तो कान पकड़ के उतार देतीं."

हे वाक्य दुबेजींनी मामीसमोर म्हटलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

मामी लेहला होती म्हणून मामांनाही लेहलाच आणलं आणि तिथून विमानाने दिल्लीला. आम्ही वर सीटवर, ते खाली सामानात. एअर होस्टेसने मामीला विचारलं, खिडकी पाहिजे का. मामी नको म्हणाली. दिल्लीला नितीनदादा आला होता. मामी त्याला म्हणाली, "आता पुढे रेल्वेने नेऊ. त्यांना विमान नको होतं." दादा बूट पाहत हळूच म्हणाला, "आई, जून आहे. जबलपूर चव्वेचाळीसवर आहे. रेल्वेने एक रात्र… नाही टिकणार." मामीने मान हलवली. "ठीक आहे. विमानाने ने." नंतर घरी कोणीतरी सांत्वन करायला म्हणालं, चला, निदान शेवटी विमानात बसले. मामी म्हणाली, "बसले कुठे? ठेवलं त्यांना."

तेराव्याला कुमुदकाकू पुन्हा आल्या. पंगत उठली होती, बायका भांडी आवरत होत्या. काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, हौस की जीव. हिनं हौस केली, जीव त्याचा गेला. सोबत गेली असती तर?" सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं मामी रडेल किंवा भांडेल. ती परात पुसत होती. म्हणाली, "हव. खिडकीची सीट होती." आणि पुसत राहिली. त्या दिवशी मला तिची भीती वाटली.

त्यानंतर एका दुपारी ती आपणहून बोलली. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. "मला काहून काही झालं नाही, पूनम? सगळे म्हणत होते मला होईन." मी म्हटलं, मामी, असं नको बोलू. ती म्हणाली, "जन्मभर मी त्यांच्या मागून पळाले. या वेळेस मी पुढं जाऊन बसले होते." मला मामांचं ते वाक्य आठवत होतं, ज्याच्यामुळे मी कॉलेजात राहिले. तेच वाक्य त्यांनी त्या तंबूत म्हटलं. ते चांगलं म्हणावं की वाईट, मला ठरवता येत नाही. कोणी मला विचारूही नये.

परवा मामीला घेऊन कमानिया गेटच्या बाजारात गेले होते. घरासाठी किरकोळ सामान आणायचं होतं. परतताना कांचघरच्या अलीकडे ऑटोवाल्याने उतरवलं, कारण फॅक्टरीतून नवे ट्रक निघाले होते आणि रस्ता अडला होता. हिरवेगार, कोरे, एकामागून एक. अशी रांग निघाली की मामा हमखास थांबायचे. हातात भाजी असो की दूध, शेवटचा ट्रक जाईपर्यंत ते वळणावर उभे राहून ब्रेकचा आवाज ऐकायचे, आणि कोणत्या नंबरचा कच्चा आहे ते आम्हाला सांगायचे. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. मी सवयीने थांबले. मामी थांबली नाही. ती सरळ रस्त्यात उतरली.

मी ओरडले. ट्रक करकचून थांबला, तिच्यापासून हातभरावर. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "अम्मा! मरना है क्या?" मामीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि तळहात त्या नव्या बंपरवर टेकवला.

"बघ, थांबली गाडी," ती मला म्हणाली.

"मामी, चल ना… लोक पाहून राहिले."

"अशी आडवी उभी राहिले असते गं मी," मामी म्हणाली. "अशी."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने. मी तिचा दुसरा हात धरून ओढत होते. ती जागची हलत नव्हती.