चिकटलेली दोन पानं

उज्जैनच्या मराठी समाजात वासंतीबाई सरमंडल यांना स्टेजवर कोणी कधी पाहिलेलं नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी आहे. बेचाळीस वर्षं त्या गणेशोत्सवातल्या नाटकाचं प्रॉम्प्टिंग करतात आणि विंगेतली त्यांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते. चौथ्या रांगेतले लोक तक्रार करतात, की आम्हाला नीट ऐकू येत नाही. नटमंडळी पाठांतर करत नाहीत त्याला वासंतीबाईच जबाबदार आहेत, असं समाजाचे सचिव माणिकराव दरवर्षी बैठकीत म्हणतात आणि दरवर्षी त्यांनाच बोलावतात.

बाकी त्यांचं आयुष्य चारचौघींसारखं गेलं. माहेर खांडव्याचं. सरकारी शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी बंगळुरूला असते. गुडघे दुखतात. कचोरी खात नाहीत. उज्जैनमध्ये राहून कचोरी न खाणं सोपं नाही. देवास गेटला बसमधून उतरलेल्या माणसाच्या हातात कोणी ना कोणी द्रोण देतंच. विचारलं तर त्या ॲसिडिटीचं नाव सांगतात. ॲसिडिटी त्यांना कधीच झालेली नाही. खरं कारण जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाने ते यंदाच्या मे महिन्यात पुसून घेतलं.

झालं होतं असं. सन अठ्ठ्याऐंशी. वासंतीबाईंचं नुकतंच लग्न झालं होतं. सासूबाई, म्हणजे माई, कडक होत्या. सुनेने घराबाहेर पडायचं ते शाळेसाठी आणि देवळासाठी. पण त्या वर्षी नाटकाचा प्रॉम्प्टर आजारी पडला, वाचन स्वच्छ असलेली दुसरी कोणी मिळेना, आणि माईंनी तोंड वाकडं करून परवानगी दिली. पुढे एक अटही जोडली, की काही वेडंवाकडं झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

नाटक होतं ‘पाहुणे आले, दार लावा’. नायक होता प्रकाश मुंगी, वीज मंडळात मीटर विभागाला लागलेला. त्याच्यासारखा नट समाजात आधी झाला नव्हता. काकांचं काम समाजाचे अध्यक्ष भय्यासाहेब करत होते. त्यांचे पूर्वज दरबारात फडणीस होते आणि भय्यासाहेब अजून तिथेच असल्यासारखे चालत. तिसऱ्या अंकात काका खुर्चीत बसून चहा पितात आणि नायक विचारतो, “काका, चहात साखर कमी आहे का?” एवढंच वाक्य. प्रकाशला ते नेमकं आठवेना. त्याने विंगेकडे कान दिला.

विंगेत वासंतीबाई कचोरी खात होत्या. चिंचेची चटणी वहीवर सांडली होती आणि दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी पान उलटलं ते दोन्ही मिळून, आणि समोर आलेलं वाक्य दिलं. ते पुढच्या प्रवेशातलं होतं. तिथे नायक पाहुण्यांना पिटाळण्यासाठी काका वारल्याची थाप मारतो. विंगेतून येईल ते बोलायचं, अशी प्रकाशची शिस्त होती. समोर बसून चहा पिणाऱ्या भय्यासाहेबांकडे बघत तो खणखणीत आवाजात म्हणाला, “काकांचं तेरावं कालच झालं. जेवणात नुक्ती छान होती.”

मंडप पाच मिनिटं हसत होता. भय्यासाहेबांनी कप खाली ठेवला आणि ते चालत घरी गेले, मिशीसकट. पडदा पाडावा लागला.

प्रकाश विंगेत आला. त्याने वही पाहिली, चटणी पाहिली, मग वासंतीबाईंचा चेहरा पाहिला. मागे माई उभ्या होत्या. सगळे विचारू लागले तसा तो म्हणाला, “वहिनींनी बरोबर दिलं होतं. माझंच डोकं फिरलं.” पुन्हा त्याविषयी तो कोणाशी एक शब्द बोलला नाही.

भय्यासाहेब त्याच डिसेंबरात वारले. वय चौऱ्याहत्तर होतं, दमा जुना होता, पण समाजाला तेवढ्याने समाधान होण्यासारखं नव्हतं. प्रकाशचं नाव तेरावे पडलं. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर लोक चुकून तेरावे लिहीत. मुलगा शाळेत ज्युनिअर तेरावे झाला. प्रकाशने नाटक सोडलं ते सोडलंच. वासंतीबाई मात्र दरवर्षी विंगेत बसत राहिल्या. माईंच्या घरातून बाहेर पडायचा तो एक दरवाजा प्रकाशने त्यांच्यासाठी उघडा ठेवला होता, आणि त्याबद्दल आपण कधी साधी माफीही मागितली नाही, हे त्यांना प्रत्येक गणपतीत टोचे. यंदा सांगू, असं ठरवायच्या. बेचाळीस गणपती झाले. तेवढ्या काळात त्यांनी एकच केलं, कचोरी सोडली.

सिंहस्थ होऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी फ्रीगंजमध्ये साड्यांच्या दुकानावर विस्मृती केंद्र निघालं. नको असलेली एक आठवण काढून मिळेल, परत मिळणार नाही, अशी पाटी होती. लिफ्ट बंद होती. लोक म्हणायचे, त्या तीन जिन्यांत अर्ध्या जणांना आपण कशासाठी आलो ते तसंच विसरायला होतं. प्रकाशरावांनी तिथे नाव घातल्याचं कळलं, तेव्हा वासंतीबाईंनी तारीख विचारून घेतली. मंगळवार होता. त्या सोमवारी सकाळी त्यांच्याकडे गेल्या.

सत्तरीचे प्रकाशराव टेबलाशी बसून लिहीत होते. केंद्राला घटनेचं निवेदन सहीनिशी लागायचं.

“हे सगळं कशाला भाऊजी, या वयात?” वासंतीबाईंनी विचारलं.

“वहिनी, मी मरेन तर माझं पण तेरावं होईल ना. लोक पत्रिका वाचूनच हसतील.”

“तेव्हा तुम्ही कुठे असाल बघायला?”

“तेव्हा नाही. पण मला तर ते आत्ताच दिसून राहिलं आहे. रोज.”

त्यांनी निवेदन पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, की माझं डोकं फिरल्यामुळे मी चुकीचं वाक्य बोललो. वासंतीबाईंनी ते दोनदा वाचलं. ज्या कागदाबरोबर सगळंच पुसलं जायचं होतं, त्या कागदावरसुद्धा या माणसाने त्यांचं नाव येऊ दिलं नव्हतं.

“हे असं नव्हतं झालं,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या हो. मशीनला काय करायचं आहे?”

“भाऊजी, मला तुम्हाला एक...”

तेवढ्यात प्रकाशरावांची सून अमृता पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि समोरच बसली. पोह्यांवर शेव होती, लिंबू होतं, आणि अमृताला गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बरंच विचारायचं होतं. वासंतीबाईंनी पोहे खाल्ले, ऑपरेशनची माहिती दिली आणि घरी आल्या. त्या दिवशी त्यांना स्वतःचा जेवढा राग आला तेवढा माईंचाही कधी आला नव्हता.

मंगळवारी प्रकाशरावांच्या डोक्याला टोप लावला, त्यांच्याकडून तीच हकिकत सात वेळा वदवून घेतली, आणि आठव्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, “कोणते काका?” मग त्यांना मोसंबीचा रस देऊन घरी पाठवलं. घटनेला चिकटून असलेलं सगळंच निघतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टोपणनावही गेलं. नाटक आपण का सोडलं, याचं उत्तर आता त्यांच्याकडे वीज मंडळातला ओव्हरटाइम एवढंच उरलं.

केंद्राने परिचितांसाठी एक पत्र दिलं होतं: खालील घटनेचा उल्लेख रुग्णासमोर करू नये. खाली घटना सविस्तर दिली होती. माणिकराव काटेकोर माणूस. त्यांनी प्रकाशरावांना वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि ते पत्र तीनशे बारा जणांना पाठवलं. त्यातल्या निम्म्यांना अठ्ठ्याऐंशी सालचं काहीही माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते पुण्यात आणि कॅनडातही माहीत झालं.

पण समाजाने शब्द पाळला, हे सांगितलं पाहिजे. प्रकाशरावांसमोर कोणी ब्र काढला नाही. जूनमध्ये एका घरी खरोखरच मयत झाली, तेव्हा निरोप फिरला तो ‘बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला यावे’ असा.

गोंधळ झाला तो प्रकाशरावांनीच केला. जुलैत ते ताठ मानेने समाजाच्या हॉलमध्ये आले आणि म्हणाले, की यंदा मी नाटकात काम करणार. कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसले. एक वही उघडून वाचली, खदखदून हसले आणि माणिकरावांपुढे धरली. ‘पाहुणे आले, दार लावा’.

“हे झकास आहे. आपण कधी केलं का नाही हे?”

माणिकरावांनी छताकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. नाटक ठरलं. नायकाच्या कामाला बँकेत नुकताच लागलेला विहंग. आणि काकांचं काम प्रकाशरावांनी स्वतः मागून घेतलं.

प्रयोगाला मंडप भरून बाहेर माणसं उभी होती. कोणीच नाटक बघायला आलेलं नव्हतं. तिसरा अंक लागला, प्रकाशराव खुर्चीत बसून चहा पिऊ लागले आणि मंडपात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. विहंग समोर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बिचाऱ्याला पत्र पाठ होतं. वाक्य गेलं.

वासंतीबाईंच्या मांडीवर प्रॉम्प्टिंगची तीच अठ्ठ्याऐंशीची वही होती. ती दोन पानं अजून चिकटलेलीच होती. पण त्यांना वहीची गरज नव्हती. हे एक वाक्य त्या बेचाळीस वर्षं रोज म्हणत होत्या. त्यांनी ते दिलं, चौथ्या रांगेलाही ऐकू जाईल असं.

“काका,” विहंग म्हणाला, “चहात साखर कमी आहे का?”

तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागचे उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. साखरेबद्दलच्या इतक्या साध्या प्रश्नाला असा प्रतिसाद प्रकाशरावांनी पाहिला नव्हता. त्यांची समजूत झाली, की आपलं चहा पिणं फार चांगलं वठलं. त्यांनी कप खाली ठेवून नमस्कार केला.

प्रयोग संपल्यावर लोक प्रसादाला गेले. विंगेत वासंतीबाई एकट्याच वही बांधत होत्या. प्रकाशराव अर्धी मिशी काढून आले आणि वही घेऊन चाळायला लागले.

“वहिनी, ही दोन पानं कशाने चिकटली?”

“चिंचेच्या चटणीने. मी चिकटवली. अठ्ठ्याऐंशी साली इथेच बसून कचोरी खाऊन राहिले होते.”

“मग? काही गडबड?”

“झाली ना. चुकीचं वाक्य दिलं मी. दुसऱ्याची फजिती झाली. त्याने माझं नाव कोणाला सांगितलं नाही. सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि नाटक सोडलं.”

“कोण होता?”

“तुम्हाला नाही आठवणार.”

“बाकी माणूस भला होता. तुम्ही माफी मागितली का नाही?”

“नाही. दरवर्षी मागायची म्हणायची.”

“अरे, मग टेन्शन कशाला घेता? बेचाळीस साल झाले. तो तर कधीचा विसरून गेला असेल.”

“हो,” वासंतीबाई म्हणाल्या. “विसरला.”

प्रकाशरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही पण जाऊन या ना तिकडे, फ्रीगंजला. मी गेलो होतो. काय काढलं ते नाही माहीत, पण हलकं वाटतं.”

“मला नाही जायचं. त्याने माझ्यासाठी काय केलं ते आता मला एकटीलाच माहीत आहे. मी पण पुसलं तर ते झालंच नाही असं होईल.”

प्रकाशरावांनी विचार केला. मग काकांची खुर्ची ओढली आणि पाठ ताठ करून बसले.

“चला, मला समजा तो. बोलून टाका.”

वासंतीबाई उभ्या राहिल्या. बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं देणाऱ्या बाईंना स्वतःचं वाक्य यायला वेळ लागला.

“भाऊजी, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाटक माझ्यामुळे सुटलं. आणि माझं तुमच्यामुळे राहिलं.”

प्रकाशरावांना प्रॉम्प्टिंग लागलं नाही. “एवढंच ना, वहिनी?” ते म्हणाले. “मी तर तेव्हाच माफ केलं होतं. म्हणून तर बोललो नाही.” मग खुर्चीतून वाकून त्यांनी हळूच विचारलं, “ठीक झालं ना? तो असंच म्हणाला असता?”

“असंच,” वासंतीबाई म्हणाल्या. “शब्दन् शब्द.” आणि त्या रडल्या. मोठ्याने, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेल असं.

प्रकाशराव गोंधळले. बाईमाणूस रडायला लागलं की काहीतरी खायला आणावं, एवढंच त्यांना सुचत असे. ते बाहेर गेले आणि मांडवातून एक द्रोण घेऊन आले. कचोरी होती. वासंतीबाईंनी डोळे पुसले, वही खुर्चीवर लांब नेऊन ठेवली आणि चटणी आणखी मागून घेतली.