पार्बताबाईच्या विहिरीवरचं इंजिन

चाळिसाव्या वाढदिवसाला श्यामनं दामिनीला चार सिलिंडरच्या इंजिनाचं किट आणून दिलं, तेव्हा त्याला वाटलं होतं की बायको दिवाळीपर्यंत त्यात रमेल. दोन्ही तळहातांवर मावेल एवढं इंजिन, पण सुटे भाग तीनशेच्या वर आणि सगळे धातूचे. दामिनीनं ते नऊ दिवसांत उभं केलं. दहाव्या दिवशी ती ते पुन्हा खोलून बसली.

“बिघडलं काय?” श्यामनं विचारलं. तो कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. स्क्रू ड्रायव्हर त्यानं घरात कधी हातात धरलेला नाही.

“बिघडलं नाही, पुस्तक चुकलं. व्हॉल्व्ह उशिरा उघडून राहिले. त्यायनं गिअरवरची खूण एक दात पुढं छापली.”

दातांच्या बाबतीत दामिनीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. अमरावतीत राजापेठेला तिची दोन खोल्यांची लॅब आहे. शहरातले आठ-दहा डेंटिस्ट तिच्याकडे पेशंटच्या दातांची मापं पाठवतात आणि ती कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून देते. आधी मेणाचा दात कोरायचा, त्याभोवती साचा भरायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. केसाएवढी चूक राहिली तरी पेशंट दुसऱ्या दिवशी परत येतो. वीस वर्षांत असे पेशंट तिला बोटावर मोजण्याइतकेच भेटले, आणि हे ती कुणालाही न लाजता सांगते.

दोन वर्षांत तिनं पाच किटं जोडली. सहावं मागवायला बसली आणि मोबाइल बाजूला ठेवून दिला.

“हे सारं दुसऱ्यानं मोजलेलं हाय,” ती श्यामला म्हणाली. “मी फक्त जोडून राहिली. आता मी आमच्या विहिरीवरचं इंजिन बनवते.”

तिचं माहेर परतवाड्याजवळचं, भाजीपाल्याच्या बागायतीचं. वडील रोज पहाटे फुलकोबी-वांगी घेऊन बाजारात जात, त्यामुळे विहिरीवरचं डिझेल इंजिन आईच्या ताब्यात असे. शेतात वीज आली आणि ते इंजिन भंगारात गेलं. त्याचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. आई, पार्बताबाई, आता शहात्तर वर्षांची. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळे.

दामिनी टेप घेऊन माहेरी गेली. आईचा हात धरून तिला विहिरीजवळच्या जुन्या ओट्यावर नेलं. ओट्यात चार गंजलेले बोल्ट अजून उभे होते. त्यांच्यामधलं अंतर तिनं तीनतीनदा मोजलं.

“माय, चाक कुठवर यायचं?”

पार्बताबाईनं छातीखाली हात लावला. “इथवर. हँडल मारतांनी लुगड्याले काळं लागे.” मग थांबून म्हणाली, “पण तुले काहून पायजे थे? भंगारात गेलेलं लोखंड.”

“मले बनवायचं हाय.”

“बनव मंग,” पार्बताबाई म्हणाली आणि हँडल कुठं होतं, डिझेलची टाकी कोणत्या बाजूला, कोणती नळी नेहमी गळायची, हे हवेत हात फिरवून सांगू लागली. दामिनी वहीत काढत गेली.

तशाच बनावटीचं एक इंजिन धामणगाव रेल्वेला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत सापडलं. गिरणीचे मालक शेषराव यांनी दोन रविवार कुलूप उघडून दिलं. खालचे बोल्ट तंतोतंत जुळले. चाक मात्र आईनं दाखवल्यापेक्षा तीन इंच उंच भरलं. दामिनीनं तिथूनच फोन लावला.

“हो, मी विटेवर उभी राहायची ना,” पार्बताबाई म्हणाली. “बुटकी मानूस मी. खालून जोर लागत नव्हता.”

मूळ इंजिनाच्या आठव्या हिश्शाचं मॉडेल करायचं ठरलं. लहान दांड्या, तरफा, हँडल हे सगळं दामिनीनं लॅबमध्ये दातांसारखंच मेणात कोरून ओतलं. सिलिंडर, पिस्टन आणि दोन चाकं यांच्यासाठी लेथ लागणार होती. अकोल्याच्या एमआयडीसीत बुधाजी नावाचे जुने कारागीर होते. भागांचा नकाशा पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला.

“ताई, ट्रॅक्टरचं काम आना, पंपाचं आना. हे काय मुंग्यायच्या गिरणीचं हाय?”

“मुंग्यायच्याच समजा. पण माप केसभर चुकलं तर मी घेणार नाही.”

बुधाजींना असं बोलणारं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. त्यांनी नकाशा ठेवून घेतला. दोन पिस्टन दामिनीनं परत केले. तिसरा त्यांनी स्वतः अमरावतीला आणून दिला आणि तो सिलिंडरमध्ये कसा सरकतो ते उभं राहून पाहिलं.

इतकं लहान इंजिन डिझेलवर चालवणं तिच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून आत ठिणगीचा प्लग आणि टाकीत पेट्रोल. चौदा महिन्यांनी लॅबच्या टेबलावर ते सुरू झालं. श्यामनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी दोघं ते घेऊन माहेरी गेले. अंगणात भाऊ कुलदीप, भावजय, शेजारच्या माणिकबाई, सगळे जमले. दामिनीनं आईला खुर्चीत बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

पार्बताबाईनं मान तिरपी करून ऐकलं.

“हे कोनाचं इंजिन हाय?”

“आपलं, माय.”

“नाई वं. हे घाईत हाय. आपलं घाई करत नव्हतं.”

दामिनीला रागच आला. चौदा महिने! बोल्टाचा आटासुद्धा तिनं मोजून पाडला होता. तिनं इंजिन बंद केलं, हात पुसले, आणि तेवढ्यात तिला कळलं की आई बरोबर आहे. आकार तिनं मोजला होता, चाल मोजलीच नव्हती.

“मंग आपलं कसं चालायचं? वाजवून दाखव.”

पार्बताबाईनं मांडीवर तळहात मारायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप, सारख्या अंतरानं, न अडखळता. दामिनीनं मोबाइलवर ते पूर्ण एक मिनिट रेकॉर्ड केलं. घरी येऊन मोजलं तर थापा दोनशे भरल्या. तिचं इंजिन त्याच्या तिप्पट धावत होतं.

दोष चाकांत होता. बुधाजींकडे अॅल्युमिनियमचा तुकडा पडलेला होता, म्हणून चाकं त्याची झाली होती. हलकं चाक इंजिनाला संथ चालू देत नाही. वेग उतरला की ते बंद पडतं. बुधाजींनी चाकं जड, बिडाच्या लोखंडाची करून दिली. “म्हातारीचा कान पक्का हाय, ताई,” एवढंच ते बोलले. दामिनीनं ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी केली, पेट्रोल कमी केलं. दोनशेवर ते टिकेना, दोनशे तीसवर मात्र एका लयीत धरलं.

या वेळी तिनं अंगणात कुणाला जमवलं नाही. आईजवळ ओसरीत पाट ठेवला, त्यावर इंजिन. पार्बताबाईनं बराच वेळ ऐकलं. तिचा तळहात आपोआप मांडीवर पडू लागला.

“जरासं पुढं पळते,” ती म्हणाली. “पण हिवाळ्यात सकायी असंच पळायचं. चालते.”

दामिनी हसली. एवढी पावती तिला पुष्कळ होती.

गेल्या फेब्रुवारीत अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं प्रदर्शनासाठी तिला टेबल दिलं. तिनं आईलाही आणलं आणि टेबलामागं खुर्ची टाकून बसवलं. एका प्राध्यापकांनी मॉडेल वाकून वाकून पाहिलं. “मूळ ड्रॉइंग कुठं मिळालं तुम्हाला?”

“अर्धं धामणगावच्या गिरणीत,” दामिनी म्हणाली, “आणि अर्धं यांच्याकडून.”

प्राध्यापक पार्बताबाईकडे वळले. त्यांच्यामागून मुलंमुली आली. अशी मोठी इंजिनं हातानं कशी सुरू करत, असं एका मुलीनं विचारलं. पार्बताबाई खुर्चीतून उठली.

“पह्यले हात दाखव तुया,” तिनं मुलीचा हात चाचपडून मूठ वळवली. “हँडल असं धरायचं. आंगठा बोटायच्याच बाजूनं ठेव, पलीकडून येढा नको देऊ. उलटं फिरलं तर मनगट मोडते, मंग भाकरी कोन करीन?”

मुलं हसली. पण टेबलाभोवती बघता बघता पंधरा-वीस मुठी हवेत वळल्या, आणि पार्बताबाई एकेक चाचपून पाहत पुढं सरकू लागली. दामिनीनं टाकीत पेट्रोल भरलं आणि चाक फिरवलं.