हिरवा दिवा

आमच्या लातूरच्या घरी वरच्या खोलीत एक भाडेकरू होते. चाळिशीचे, एकटे. क्रिप्टोकरन्सीच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या एका संस्थेचं काम करायचे. त्या चलनाच्या नोंदी जगभर कितीतरी कॉम्प्युटरवर असतात. पण त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत, हीच त्यांची काळजी.

"काकू, आपल्या गल्लीत दारादारात पाण्याचा ड्रम हाय. एक फुटला तर सगळी गल्ली तहानलेली ऱ्हाईल का?" एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी मला सगळं समजावलं होतं.

माणूसही तसाच. खोलीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी समोरच्या गिरणीवाल्याकडे. चहासुद्धा रोज वेगळ्या घरी. आमची पाळी गुरुवारी. त्या दिवशी मी आलं जरा जास्तच किसायची.

ते नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहायला गेले तेव्हा त्या नोंदी ठेवणारा, डब्याएवढा एक कॉम्प्युटर त्यांनी माझ्या देवघराशेजारी ठेवला. "लातुरात हा एकच हाय, काकू. ह्याचा दिवा हिरवा ऱ्हाऊ द्या."

तो बंद पडला की त्यांना तिकडे कळतं. लाईट गेली की लगेच फोन येतो. मग माझे गुडघे, नळाचं पाणी, सगळ्याची विचारपूस होते.

गेले दोन महिने लाईट गेलीच नाही.

काल गुरुवार. आल्याचा चहा केला, कप घेऊन डब्याजवळ बसले आणि त्याचं बटण बंद केलं. पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

"काकू, लाईट गेली का?"

"हाव," मी म्हणाले, आणि फोनवर आवाज जाऊ नये म्हणून उठून डोक्यावरचा पंखा बंद केला.