दोन शब्दांची जागा

"कोण म्हणतं?"

कानावरची लाल पेन्सिल काढत ते एवढंच विचारायचे. बातमी सीमेवरची असो की मंडईतल्या कांद्याची, प्रश्न तोच.

आमच्या दैनिकात ते मुख्य उपसंपादक होते आणि मी बावीस वर्षांची नवी उमेदवार. दोन वेण्या, वळणदार अक्षर आणि डोक्यात नुसतं देशप्रेम. इतकी हुशार मुलगी पुण्यात दुसरी नाही, असं माझं ठाम मत होतं. अर्थात, माझं एकटीचंच.

तेव्हा युद्ध चालू होतं. सीमेवरच्या एका ठाण्याबद्दलच्या सरकारी पत्रकावरून मी मथळा केला, 'ठाण्यावरचा हल्ला परतवला. आपली हानी नाही'. त्यांनी पुढे लाल पेन्सिलीनं जोडलं, 'सरकारचा दावा'.

"दावे ते करतात. आपण खरं सांगतो," मी फणकारले.

"आपण तिथं होतात का, बाई?"

"नाही."

"मग त्यांचाही दावा, आपलाही दावा. खरं कळलं की शब्द काढू."

ते चहाला गेले. मथळा ओळीत बसेना. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे म्हणाले, "ताई, दोन शब्द उडवा की." कोणते उडवायचे, याचा विचार करायला मला क्षणही लागला नाही.

येरवड्यातल्या एका आईनं तो मथळा वाचून गल्लीत पेढे वाटले. तिचा मुलगा त्याच ठाण्यावर होता. चौथ्या दिवशी तार आली. तो त्याच हल्ल्यात गेला होता.

ते तिला भेटायला गेले. मीही गेले, पण दाराबाहेरच थांबले; शूर होते ना! आतून त्यांचा आवाज आला, "चूक माझी." मग तिचा, "तुमच्या पेपरात होतं हो, म्हणून चार दिवस निर्धास्त जेवले मी."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तिथंही नाही आणि नंतरही कधी नाही.

पुढे आम्ही एकाच सोसायटीत राहायला आलो. मध्यंतरी सीमेवर पुन्हा पेटलं, तेव्हा खालच्या हॉलमध्ये सगळे टीव्हीसमोर जमले. शत्रूचं बंदर बुडालं, राजधानी पडली, टाळ्या झाल्या. नव्वदीचे ते काठी टेकत उठले.

"कोण म्हणतं?"

"आजोबा, आपण नक्की कुणाच्या बाजूचे?" कुणीतरी ओरडलं.

"जिचा मुलगा तिथं आहे, तिच्या."

लोक हसले. एकानं त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत 'पोहोचवलं'. मी खुर्चीवरून उठले नाही. वय शहात्तर, अक्कल बावीसचीच.

दोन दिवसांत त्या बातम्या गुपचूप नाहीशा झाल्या. बंदर जागेवर होतं, राजधानीही. पण त्यांची माफी मागायला कुणी वर गेलं नाही. ते पुन्हा खाली उतरले नाहीत. खिडकीशी बसून असायचे. पावसाळ्यात गेले.

खाली फलकावर कागद लागला, 'सर्वांचे लाडके आजोबा समाधानाने गेले.'

त्यांच्या सुनेनं मला ती लाल पेन्सिल दिली होती. मी चष्मा लावला आणि त्या ओळीपुढे लिहिलं, 'सोसायटीचा दावा'.

जागा होती. दोन्ही शब्द नीट बसले.