माझी चौथी, तुझी सहावी

थोरले आणि धाकटे हे साडू. बायका सख्ख्या बहिणी, आणि नोकरीही दोघांची एकाच ठिकाणी: अंधांसाठी पुस्तकं वाचून ती आवाजात साठवणाऱ्या ग्रंथालयात. साडवांचं जमत नाही म्हणतात, या दोघांचं इतकं जमायचं की बायकाच म्हणायच्या, "यांनी एकमेकांशीच लग्न करायचं होतं."

ग्रंथालयाचे युनिक्सचे सर्व्हर दोन. एक थोरल्यांच्या खोलीत, दुसरा रस्त्यापलीकडच्या इमारतीत धाकट्यांच्या ताब्यात. डिस्कचं कपाट मात्र दोघांत एकच, जसं एका कोठाराला दोन दारं असावीत. चालू होताना प्रत्येक सर्व्हर दिसतील तशा डिस्क मोजायचा. गोम अशी, की धाकट्यांच्या सर्व्हरच्या पोटात त्याच्या स्वतःच्या दोन डिस्क होत्या; तो आधी त्या मोजायचा. म्हणून थोरल्यांची चौथी ती धाकट्यांची सहावी, आणि थोरल्यांची दुसरी ती धाकट्यांची चौथी. नावं एकसारखी करा असं कुणी सुचवलं, की थोरले हसत, "दोनाचाच तर फरक. बोटांवर मावतो." फोनवर 'माझी' किंवा 'तुझी' म्हटल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, असा दोघांचा नेम. अकरा वर्षं तो मोडला नव्हता.

थोरल्यांची बायको तिथेच पुस्तकं वाचायची. ऐकणारे तिला नुसतं 'बाई' म्हणत. आवाज गोड वगैरे नव्हता, जरा घोगराच. पण वाचायला बसली की ऐकणारा हलायचा नाही. थोरले म्हणायचे, "घरी मला बोलते तेव्हा पूर्णविराम नसतो, आणि तिथं बघा, स्वल्पविरामालाही मान देते."

ती गेली. एकसष्ट पुस्तकं मागे ठेवून गेली, सगळी थोरल्यांच्या दुसऱ्या डिस्कवर. जुन्या टेपा ओल लागून वाया गेलेल्या, प्रती काढायचं नवं यंत्र येतंय येतंय करत आलंच नव्हतं. दुसरी प्रत कुठे नव्हती. नऊ महिने थोरल्यांना त्या डिस्ककडे बघवेना. मग एका सकाळी मन घट्ट करून ते कामाला आले. आपली चौथी डिस्क पुसून घ्यायची आणि तिच्यावर बाईंच्या सगळ्या वाचनाची प्रत काढून ठेवायची.

पुसापुशीचं काम नेहमी धाकट्यांकडे असे, कारण त्यांच्या सर्व्हरवर वर्दळ कमी. थोरल्यांनी फोन लावला.

"ऐक रे, आज तिची प्रत काढतोय."

"बरं झालं दादा. ताईचं राहून जात होतं."

"चौथी पुसून दे."

"देतो."

कुठली चौथी, हे धाकट्यांच्या ओठांवर आलं होतं. पण नऊ महिन्यांत दादांनी पहिल्यांदाच तिचा विषय काढला होता, आणि अशा वेळी काय हिशेब विचारायचा म्हणून त्यांनी विचारलं नाही. दादा आपल्याला काम सांगताहेत म्हणजे आपलीच चौथी, असं त्यांनी धरलं. दुपारपर्यंत डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरत गेली.

चहाच्या वेळेला धाकटे रस्ता ओलांडून आले. दारातच उभे राहिले.

"दादा, मी माझी चौथी पुसली."

थोरल्यांनी बोटांवर चारातून दोन वजा केले. उरली आपली दुसरी. मग तीच बोटं टेबलावर पालथी ठेवली. "ये, बस," एवढंच म्हणाले.

पुसलेलं परत मिळवणारे जाणकार दोघे येऊन गेले; काही निघालं नाही. धाकटे राजीनामा खिशात घालून फिरू लागले. थोरल्यांनी तो मागून घेतला, फाडला. "सांगणारा मी. नेम मी मोडला. तू कशाला जातोस?"

मग त्यांनी अकरा वर्षं टाळलेलं काम काढलं. प्रत्येक डिस्कला कारखान्यातूनच आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक नंबर येतो. तो कुठल्याही दाराने गेलं तरी बदलत नाही. त्या नंबराला नाव बांधायचं, आणि तोच नियम दोन्ही सर्व्हरवर लिहायचा. थोरले एकेक अक्षर फोनवर वाचत, पलीकडून धाकटे ते परत म्हणत. कादंबऱ्या, शाळेची पुस्तकं, कायदा, अशी मालावरून नावं पडत गेली. पुसलेल्या डिस्कशी आल्यावर धाकटे म्हणाले, "हिला ताईचं नाव देऊ."

"आत काय आहे?"

"शून्यं."

"मग 'रिकामी' लिही."

दोन्ही सर्व्हर बंद करून चालू केले. धाकट्यांनी नावं वाचली, थोरल्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. सगळी जुळली.

इतके दिवस बाईंचं पुस्तक मागणाऱ्यांना दोघे सांगत होते, 'डिस्कची नावं लावणं चाललंय, थांबा.' आता तेही सांगायची सोय राहिली नाही. थोरल्यांनी यादी घेतली आणि पहिला नंबर फिरवला. एक निवृत्त मास्तर होते. थोरल्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता.

मास्तर म्हणाले, "माझी तीन प्रकरणं राहिली होती. दुसरं कुणी वाचेल का?"

"वाचतील. विचारतो मी."

"सावकाश वाचणारं बघा. बाई प्रकरणाच्या आधी हळूच खाकरायच्या. मी तेवढ्यात नीट बसून घ्यायचो."

"हो," थोरले म्हणाले. घरीही ती बोलायच्या आधी तशीच खाकरायची, हे त्यांनी मास्तरांना सांगितलं नाही. त्यांनी फोन ठेवला. यादीत अजून बेचाळीस जण होते.