चेरीखालचं हळदीकुंकू

बस गेर्लिंगेनहून सकाळी सात पन्नासला सुटणार होती आणि ती सात पन्नासलाच सुटली. हायडेलबर्गजवळच्या एका राजवाड्याच्या बागेत जपानी चेरी फुलल्या होत्या. तिथे पोचायचं, मार्गदर्शक बाई माहिती सांगणार ती ऐकायची, दुपारचं आपलं आपण खायचं आणि चार दहाला परत निघायचं. शेजारणीने स्वतःसाठी आणि बहिणीसाठी जागा घेऊन ठेवल्या होत्या, पण तिच्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला आणि त्या दोन जागा आमच्याकडे आल्या. माझी मुलगी रविवारी दहाच्या आत उठत नाही. नवरा आणि सासरे म्हणाले, "झाडंच ना? फोटो काढून आणा." म्हणून मी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, अशा दोघीच निघालो.

बस मोठ्या रस्त्याला लागल्यावर सासूबाईंनी मांडीवरची पिशवी उघडून आतलं सामान नीट लावायला घेतलं. कुंकवाचा करंडा. थर्मास. एकावर एक दोन डबे.

"अहो आई, हे काय?"

"भिजवलेले हरभरे. दुसऱ्यात आंबाडाळ. थर्मासमध्ये पन्हं."

"आपण फुलं बघायला चाललोय."

"बघू की फुलं. पण चैत्र आहे."

लग्न झाल्यापासून त्यांचं चैत्रातलं हळदीकुंकू एकदाही चुकलेलं नव्हतं. इथेही आमच्या पुस्तकांच्या कपाटात, स्टीलच्या वाटीत त्यांनी गौर बसवली होती. आदल्या शनिवारी मी आसपासच्या मराठी बायकांना बोलावलं होतं, पण ईस्टरच्या सुट्ट्या लागल्या आणि एक इटलीला, दुसरी पुण्याला, तिसरी मुलांना घेऊन पोहण्याच्या शिबिराला. एकही आली नाही. अक्षय्य तृतीयेला तीन दिवस राहिले होते, तेही कामाचे. निदान पाच सवाष्णींना कुंकू लागलं पाहिजे, नाहीतर नेम मोडला, असं त्यांचं म्हणणं. त्या आठवडाभर त्यांनी तक्रार केली नाही, फक्त जेवण अर्ध्यावर आलं होतं. मी ते पाहत होते आणि सोमवारी सुट्टी मिळते का याचा विचार करत होते. त्यांनी माझ्याआधी तोडगा काढला होता.

"मी चढताना मोजलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकतीस बायका, नऊ पुरुष. म्हणजे नऊ सवाष्णी तरी झाल्या. मला पाचच हव्यात."

"ते ड्रायव्हरमागचे दोघं एकमेकांबरोबर आहेत."

"भाऊ?"

"नाही."

त्यांनी त्या दोघांकडे नीट पाहून घेतलं. "बरं. मग सात."

"आणि नवरा आहे का, असं मी कोणाला विचारणार नाही. इथे तसं विचारत नाहीत."

"न विचारता कळणार कसं? इथे कपाळावर काही दिसतंय का?"

मला ही अट पहिल्यापासून पटत नाही आणि ते त्यांना माहीत आहे. वीस वर्षं आम्ही यावर वर्षातून एकदा वाद घालतो, मग दोघी मिळून डाळ वाटतो. तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाग खरोखर सुंदर होती. चारी बाजूंनी बंदिस्त असा हिरवळीचा चौक आणि त्यात गुलाबी झाडांच्या रांगा, इतक्या गच्च फुललेल्या की फांद्या दिसत नव्हत्या. मार्गदर्शक बाई साधारण माझ्याच वयाच्या, हातात उंच धरलेली नारिंगी छत्री. सासूबाईंसाठी प्रत्येक गोष्ट त्या पुन्हा इंग्रजीत सांगत होत्या. या जातीला फुलं येतात, पण खाण्याजोगं फळ धरत नाही, असं त्या म्हणाल्या.

"फळ नाही?" सासूबाई मला म्हणाल्या. "मग एवढी लावली कशाला?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौकाच्या कडेला एका बाकावर बसलो आणि सासूबाईंनी डबे उघडले. बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर बसलेली एक उंच, सत्तरीची बाई तिथे आली आणि हरभऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, हे काय आहे? मी सांगितलं की वसंतात आमच्याकडे बायका एकमेकींना हळदीकुंकू लावतात आणि हे देतात. ती म्हणाली, मग मला द्या की.

"विचार," सासूबाई म्हणाल्या.

मी विचारलं नाही. कुंकवाने त्वचेला त्रास होणार नाही ना, एवढंच मी त्या बाईशी बोलले. पण ती गप्पिष्ट निघाली. तिच्या आईलाही वसंतात असलं काही करायला आवडायचं. पहिला नवरा पळून गेला, दुसरा वारला, आता खालच्या मजल्यावर एक मित्र राहतो, सायकली फार छान दुरुस्त करतो.

"काय म्हणाली?"

"नवरा आहे. सायकली दुरुस्त करतो."

"एवढं बोलली आणि एवढंच?"

"जर्मन भाषा लांबलचक असते."

त्यांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं. तिने ओटीसाठी आपला सँडविचचा रिकामा डबा पुढे केला. ते पाहून दुसरी आली, मग तिसरी, आणि बघता बघता रांग लागली. हे कार्यक्रमात आहे का, असं एकीने मला विचारलं. आज आहे, मी म्हटलं. कोणी रुमाल पसरला, कोणी टोपी. पन्ह्याचे कप फिरले. प्रत्येकीच्या वेळी सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायचे, "आहे." जवळजवळ बारा वेळा म्हटलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला सातव्या "आहे"पासून बरं वाटेना. अट मला पटत नसेल, पण नेम त्यांचा होता. तो परस्पर पातळ करायला मला कोणी सांगितलं होतं?

रांगेत शेवटी मार्गदर्शक बाई होत्या. सवयीने त्या थेट सासूबाईंशी इंग्रजीत बोलल्या. "आय ॲम अ विडो," त्या म्हणाल्या. "इज इट ओके?" मघाशी कोणाला तरी मी अर्थ सांगताना त्यांनी ऐकलं असावं.

पोस्टात तीस वर्षं पेन्शनचे कागद हाताळलेल्या सासूबाईंना तो शब्द कोणी समजवायची गरज नव्हती. कुंकवाचं बोट हवेत थांबलं.

"आणि बाकीच्या?" सासूबाईंनी मला विचारलं. मराठीत, अगदी शांतपणे.

"तिघींचं नक्की. बाकीच्यांचं मला माहीत नाही. म्हणजे, काहींचं माहीत आहे."

"मी तुझ्या जिभेवर विसंबले होते."

"चुकलं माझं."

मार्गदर्शक बाई अजून कपाळ पुढे करून उभ्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आजूबाजूच्या बारा लाल कपाळांकडे पाहिलं.

"आता एवढ्यांना लावून हिला एकटीला परत पाठवू?" त्या माझ्यावरच खेकसल्या आणि त्यांनी बाईंना कुंकू लावलं. हरभरे मात्र दोन मुठी दिले. मग माझ्याकडे वळल्या. "पुढे ये. तू चौथी. पाचवी तू शोधायचीस. आणि खरी."

हे काम मी टाळूच शकत नव्हते. चार वाजता बसमध्ये चढल्यावर मी मार्गदर्शक बाईंना सगळी अडचण जशीच्या तशी सांगितली; त्यांना लावलेलं कुंकू नेमात मोजलं जाणार नाही, हेसुद्धा. मला वाटलं, दुखावतील. त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "आल्झो, तर मग, हे दहा सेकंदांचं काम आहे," आणि माइक हातात घेतला. ज्यांचा नवरा हयात आहे आणि ज्यांना अजून लाल टिळा लागलेला नाही, त्यांनी कृपया हात वर करावेत.

दोन हात वर झाले. तिसरा एका नवऱ्याने वर केला, शेजारी झोपलेल्या बायकोचा. मागून कोणीतरी विचारलं, वेगळे राहतो पण घटस्फोट नाही, हे चालतं का? बस हसायला लागली. सासूबाई हातात करंडा घेऊन मधल्या वाटेने निघाल्या आणि झोपलेलीला उठवून तिघींनाही कुंकू लावून आल्या.

"सात झाल्या," खाली बसत त्या म्हणाल्या. "बाकीच्या माझ्या पाहुण्या."

बस चार सोळाला सुटली. सहा मिनिटं उशीर झाल्याबद्दल सर्वांत जास्त कुरकुर त्या उंच बाईने केली, कपाळावर कुंकू तसंच ठेवून.

थोड्या वेळाने सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "नवरा आहे का, हे जर्मनमध्ये कसं विचारतात? मला शिकव. तुझ्या भरवशावर परत राहणार नाही."

मी शिकवलं. त्यांनी ते मोठ्याने पाच-सहा वेळा घोकलं. सातव्यांदा पुढच्या सीटवरून उंच बाईने मान मागे वळवली.

"नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या बघण्यात कोणी असेल तर सांगा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला.

"विचार तिला," सासूबाई म्हणाल्या, "मग तो सायकलवाला कोण?"